शेतजमीन संरक्षण योजना: आठ वर्षांनी बाहेर पडता येते का?

बांधावरचा
शेतजमीन संरक्षण योजनेत जमीन घातल्यावर आठ वर्षांनी बाहेर पडता येते की नाही, एवढेच कोणीतरी स्पष्ट सांगावे. काउंटीच्या कागदांत एके ठिकाणी आठ वर्षे म्हटले आहे आणि दुसरीकडे कायमस्वरूपी. महिनाअखेरीस अर्ज द्यायचा आहे आणि शेजारच्या शेतात घरांची आखणीही सुरू झाली आहे. 'वकील गाठा' हे उत्तर कृपया नको. तो गाठलेला आहे, पण शेतीतले त्याला माझ्याइतकेच कळते.

कोरडवाहू
महाराष्ट्रात अशी योजना नाही. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला कुळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे प्रथम सातबारा कोणाच्या नावावर आहे ते पाहावे.

वसुधा
कोरडवाहू, प्रश्नात 'काउंटी' हा शब्द आहे, म्हणजे जमीन अमेरिकेतली दिसते, तेव्हा सातबारा राहू द्या. बांधावरचा, राज्य कोणते, जमीन किती, ती स्वतः कसता की कसायला दिली आहे आणि तिच्यावर कर्ज आहे का, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

बांधावरचा
न्यू जर्सी. 34 एकर, त्यांतले काही रान आणि एक ओहोळ. शेजारचा शेतकरी त्यात गवत आणि सोयाबीन घेतो. योजनेत गेलो नाही तर शेतीसाठीची करसवलत जाईल, असेही कानावर आले आहे.

जुना जर्सीकर
आपण दोन वेगळ्या योजना एकत्र वाचत आहात. आठ वर्षांच्या योजनेत मालक तेवढ्या काळापुरते जमिनीवर बांधकामविकास न करण्याचे मान्य करतो. त्याबद्दल पैसे मिळत नाहीत, मात्र मृदा आणि जलसंधारणाच्या कामांसाठी अनुदान मागता येते आणि मुदत संपल्यावर बाहेर पडता येते. दुसऱ्या योजनेत आपण विकासहक्क, म्हणजे जमिनीवर बांधकाम करण्याचे हक्क, कायमचे विकता, आणि ते बंधन दस्तात नोंदले जात असल्याने पुढच्या प्रत्येक मालकाला लागू होते. जमीन आपलीच राहते, ती विकता येते, वारसांना देता येते, आणि लोकांना तिच्यावर फिरण्याचा हक्कही मिळत नाही. मोबदला म्हणजे बाजारभाव आणि केवळ शेतीसाठीचा भाव यांतील फरक: समजा एकरी 20,000 डॉलर आणि 8,000 डॉलर असे दोन भाव निघाले, तर हक्कांची किंमत 12,000 धरली जाते. त्यासाठी दोन स्वतंत्र मूल्यांकने होतात, आणि 1983 च्या कायद्याने नेमलेली राज्य समिती ती तपासून किंमत प्रमाणित करते.
करसवलत 1964 च्या वेगळ्या कायद्याची आहे. किमान पाच एकर शेतीखाली आणि ठरलेले वार्षिक उत्पन्न असेल, तर योजनेत न जाताही ती मिळते.

सडेतोड
आठ वर्षांची योजना म्हणजे फुकटचे दावे गळ्यात बांधून घेणे, आणि कायमची योजना म्हणजे नातवंडांचा हक्क आज मोडीत काढणे. शेजारी घरे होत आहेत म्हणजे भाव चढणार. थांबावे, हाच माझा सल्ला.

वसुधा
भाव चढेल तसा मोबदलाही चढेल, त्यामुळे घाई नको हे मान्य. पण शेत राखायचेच असेल, तर केवळ भावाची वाट पाहत बसण्यात काय अर्थ आहे?

पोटोमॅककाठचा
मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीचा मार्ग मला अधिक पटतो. तेथे 1980 पासून सुमारे 93,000 एकरांचे राखीव शेतीक्षेत्र आहे. पाच एकरांमागे एक घर हा नियम बदलून पंचवीस एकरांमागे एक केला, पण पाच एकरांमागे एक टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा विकासहक्क, मालकाला दिला, आणि तो बिल्डर विकत घेऊन काउंटीत इतरत्र वापरतात. पुण्यामुंबईच्या लोकांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

सडेतोड
तेथे क्षेत्र राखीव ठेवताना मालकांना कोणी विचारले नव्हते. येथे प्रश्न स्वेच्छेचा आहे.

बांधावरचा
मेरीलँड पुरे. कायमच्या योजनेत गेलो, तर मुलाला पुढे तेथे घर बांधता येईल का? घरातला खरा वाद त्यावरच आहे.

जुना जर्सीकर
हे आधी सांगायला हवे होते. अर्जातच 'एक्सेप्शन एरिया' मागून घ्यावा, म्हणजे तेवढा तुकडा बंधनाबाहेर राहतो; त्या तुकड्याचे पैसे मात्र मिळत नाहीत. तो दोन प्रकारचा असतो. एक शेतापासून तोडून वेगळा विकता येतो, दुसरा कायम शेताबरोबरच जातो. मुलगा स्वतःच्या नावे कर्ज काढून घर बांधणार असेल, तर पहिला प्रकार सोयीचा. करार नोंदल्यावर नवा तुकडा मागण्याची आशा धरू नये. म्हणून घर, विहीर, सेप्टिक टाकी आणि रस्ता कोठून येईल, हे आजच नकाशावर आखून पाहावे.

रानवाटा
अशा शेतावर लग्नसमारंभ करता येतात का? आमच्या मंडळाला जागा हवी आहे.

वसुधा
रानवाटा, 2023 च्या कायद्यानुसार परवानगी घेऊन मर्यादित संख्येने करता येतात; अधिक हवे असेल तर वेगळा धागा काढावा. बांधावरचा, कर्जाचे आपण अजून सांगितलेले नाही.

बांधावरचा
गृहकर्ज आहे, शिवाय गोठ्याच्या छपरासाठी घराच्या तारणावर आणखी एक घेतले आहे. त्याचा येथे काय संबंध?

जुना जर्सीकर
बँकेने जमीन जप्त केली तरी विकासबंदी टिकली पाहिजे, म्हणून बँकेला आपला हक्क या कराराच्या खाली ठेवण्यास लेखी संमती द्यावी लागते. दोन्ही कर्जे त्याच जमिनीवर असतील तर दोन पत्रे लागतील. बँका यात वेळ लावतात, तेव्हा अर्ज दिला की लगेच त्या मागे लागावे.