ईव्ही घ्यावी का? पुण्यात सोसायटीत चार्जिंगचं कसं करता?

मंडळी, रोजचं हिंजवडी अपडाऊन, महिन्याला हजारेक किमी. टाटाची नेक्सॉन ईव्ही ४५ (४५ युनिटची बॅटरी) बघतोय पण पेट्रोलपेक्षा तीनेक लाख जास्त पडतायत, वसूल होतील का? पार्किंगला प्लग नाही आणि कमिटीवाले आत्तापासूनच नाकं मुरडतायत.

कोथरूडकर
साधा हिशोब कर, शहरात ४५ युनिटमध्ये धरून चाल ३०० किमी, म्हणजे महिन्याला १५० युनिट, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून थोडे जास्तच. १० रुपयाने धरलं तरी दीड हजार, पेट्रोलला सात हजार जातात. पाचेक वर्षांत सुटतात पैसे. फक्त घरच्या मीटरवर लावू नकोस, युनिट वाढून महावितरणचा वरचा, महाग स्लॅब लागला की बिल बघून घाम फुटतो, ईव्हीसाठी वेगळं मीटर मिळतं ते घे.

घाटवेडा
१५ अँपियरच्या सॉकेटवर पूर्ण चार्जला १५-१७ तास लागतात, पण रोज ४० किमी चालवणाऱ्याला रात्रीचे दोन-तीन तास पुष्कळ. वायर मात्र जाड टाकून घे आणि अर्थिंग चेक कर, माझा प्लग हात लावू नये इतका तापायचा. बाकी मुंबईहून येताना खंडाळ्याचा घाट चढताना बॅटरीचे टक्के धडाधड उतरतात, घाबरू नकोस.

प्रश्नकर्ता
@कोथरूडकर वेगळ्या मीटरला सोसायटीची एनओसी लागली का रे? तिथंच घोडं अडलंय