अर्जात 'नाही' लिहा म्हणणाऱ्यांनो, पोरांचं वाटोळं करू नका

सांबरा_रनवे
पायलट होऊ बघणाऱ्या आपल्या भागातल्या पोरांच्या ग्रुपवर काल एकाने सल्ला टाकला: "उड्डाणाआधीच्या दारूच्या ब्रेथ टेस्टमध्ये एकदा सापडून तीन महिने घरी बसला असाल तरी नव्या कंपनीच्या अर्जात 'कधी पॉझिटिव्ह आलात का' या रकान्यात 'नाही' लिहा. शिक्षा भोगून झाली, विषय संपला. एचआरला काय कळतंय!" खाली अंगठ्यांची रांग लागली. बेळगावजवळ सांबऱ्यात विमान शिकणारी पोरं हे वाचतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

कळतं. पॉझिटिव्ह निकाल कंपनीच्या कपाटात पडून राहत नाही, डीजीसीएकडे, म्हणजे नागरी उड्डाणाच्या सरकारी नियामकाकडे जातो. पहिल्या वेळी लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्या वेळी तीन वर्षं, तिसऱ्या वेळी रद्द. टेस्टला नकार दिला तरी सुटका नाही. नवी कंपनी लॉगबुक, म्हणजे पायलटच्या उड्डाणांची वही, महिन्यावार तपासते. नियमित उड्डाणांच्या मधे तीन महिने कोरे दिसले की पहिला प्रश्न त्याचाच येतो. बरं, निलंबन तीन महिन्यांत संपतं, पण अर्जातलं खोटं संपत नाही. माहिती खोटी आढळली तर कधीही काढता येईल असं कलम करारात असतं, आणि टाइप रेटिंगचा, म्हणजे ठराविक विमानाच्या प्रशिक्षणाचा बाँड भरायचा तो भरायचाच.

आता मुख्य मुद्दा. लँडिंग जोरात आदळलं, पंखांचे फ्लॅप ठरलेल्या वेगाच्या वर सोडले गेले, तर ते टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या दुरुस्ती-नोंदवहीत आपणहून लिहावं लागतं. लिहिलं नाही तर तपासणी होत नाही आणि तेच विमान पुढच्या क्रूच्या हातात जातं. डेटा रेकॉर्डर नंतर वाचला जातो, पुढचं उड्डाण त्याआधी होतं. स्वतःच्या गैरसोयीचं खरं लिहिणारा माणूस तिथे लागतो. तो अर्जाच्या पहिल्या पानावरच ओळखायचा असतो.

चंदगड_फाटा
काय ओ, सगळे दारुडेच असल्यासारखं लिहिलंय. आपल्याकडे मर्यादा शून्य आहे, 'थोडी' असा प्रकारच नाही. अमेरिकेत रक्तात ०.०४ टक्क्यांच्या खाली चालतं आणि उड्डाणाआधी आठ तास प्यायची नाही, ब्रिटनमध्ये १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०२ टक्के. आपल्याकडे १२ तास आणि वर मशीनवर ०.०००. इथे ०.००८ आलेला माणूस तिकडे कायद्याने विमान चालवू शकला असता. माउथवॉश आणि दातांचं जेलसुद्धा बंद केलंय. असल्या आकड्यासाठी पोराने जन्मभर 'होय' लिहीत फिरायचं? नोकरी देणारा आकडा वाचत नाही, 'होय' वाचतो.

मच्छे_लॅब
माउथवॉशचा बचाव अर्धाच खरा आहे. तोंडातला अल्कोहोल १५-२० मिनिटांत उडतो, म्हणूनच पहिली फुंक पॉझिटिव्ह आली की थांबवून दुसरी घेतात. मधे मशीन शून्य दाखवतं का तेही तपासतात. दुसऱ्या फुंकेतही आकडा टिकला तर तो तोंडातला नाही, रक्तातला. आसव-अरिष्टांचं तेच, त्यांत आंबवण्यातूनच अल्कोहोल तयार होतो. घोट घेऊन लगेच फुंकलं तर आकडा येणारच, पण टिकत नाही. आता फ्युएल सेल सेन्सरची मशीन सक्तीची आहेत. जुनी सेमीकंडक्टर सेन्सरवाली श्वासातल्या ॲसिटोनलाही फसायची, म्हणून उपाशी किंवा मधुमेही माणसाची पंचाईत व्हायची.

लोक फसतात ते १२ तासांच्या हिशोबात. व्हिस्कीची एक क्वार्टर म्हणजे १८० मिलि, ४२.८ टक्के अल्कोहोलची, त्यात साधारण ६१ ग्रॅम अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात तो ०.१३ टक्क्यांच्या आसपास जातो. शरीर तासाला ०.०१५ जाळतं. म्हणजे साडेआठ तास. दोन क्वार्टर झाल्या की १७ तास. रात्री आठला बाटली ठेवून सकाळी आठला रिपोर्ट करणारा बारा तासांचा नियम पाळतो आणि तरी सापडतो. कॉफी, आंघोळ, लिंबूपाणी यांनी हा वेग वाढत नाही. बायकांमध्ये आणि कमी वजनाच्या माणसात तेवढ्याच दारूला आकडा वर जातो.

चंदगड_फाटा
हिशोब मान्य. पण म्हणजे नियम पाळूनही सापडतो हे तुम्हीच सांगितलंत.

मच्छे_लॅब
एक नियम पाळून दुसरा मोडतो. दोन्ही अटी एकत्र आहेत.

खानापूर_रोड
दोघंही मूळ प्रश्न सोडताय. 'आरोप' आणि 'निकाल' वेगळे करा. पहिली फुंक पॉझिटिव्ह, दुसरी शून्य, माणूस ड्युटीवर गेला, तर तो निर्दोष आहे. पण क्रू रूममध्ये कोणीतरी बघितलेलं असतं. जुन्या कंपनीतला माणूस फोनवर "जरा पिण्याचं बघा" एवढं म्हणाला की झालं. लेखी काही नाही, उत्तर द्यायला जागा नाही.

अमेरिकेत हे सुधारायला माणसं मरावी लागली. २००९ साली बफेलोजवळ कोल्गन एअर कंपनीचं विमान पडलं, ५० मेले. कॅप्टनने नोकरीच्या अर्जात आपल्या सगळ्या नापास चाचण्या सांगितल्या नव्हत्या. २०१० च्या कायद्याने पायलटांच्या नोंदींचा एकच डेटाबेस आला. कंपनीला बघायला पायलटची संमती लागते, आणि पायलट स्वतःची नोंद बघून हरकत घेऊ शकतो. मला आपल्याकडे तेच पाहिजे. तोवर 'कधी आरोप झाला का' असा रकाना असेल तर पोराने कशाला गळा पुढे करायचा?

सांबरा_रनवे
अफवेबद्दल बरोबर आहे तुमचं. दुसरी फुंक शून्य असेल तर तो पॉझिटिव्ह नाही आणि तसं लिहायचीही गरज नाही. पण वरचा सल्ला निलंबन झालेल्यांना होता. ते सोडून तुम्ही निर्दोष माणसाला पुढे करताय.

शहापूर_बाजार
पडताळणीचा विषय निघालाच आहे तर आमच्या पोरांचं बोला की! सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत घोषणा दिल्या म्हणून ज्यांच्यावर गुन्हे आहेत त्यांनी काय लिहायचं? दारू नाही, चोरी नाही, भाषेसाठी रस्त्यावर उतरले. विमानतळाचा पास काढायला पोलिस पडताळणी लागते, तिथे अडकतं. सगळा प्रामाणिकपणा सीमाभागातल्या मराठी पोरानेच दाखवायचा काय?

निपाणी_नाका
झालं सुरू! धागा पायलटांचा आहे. प्रत्येक ठिकाणी सीमाप्रश्न घुसडायचा?

शहापूर_बाजार
ज्याच्या घरी समन्स येतो त्याला विचारा घुसडणं म्हणजे काय. तुम्हाला त्रास होत असेल तर वाचू नका.

वडगाव_वकिली
भांडू नका, याला नेमकं उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग निकाल, २०१६, तीन न्यायमूर्तींचा. सरकारी नोकरीतला आहे, पण खाजगी कंपन्यांशी वाद झाला तरी वकील त्याचाच आधार घेतात. त्यात लहान वयात घोषणा देण्यासारख्या किरकोळ गुन्ह्याचं उदाहरणच दिलंय. तो लपवला असला तरी मालक आपल्या अधिकारात दुर्लक्ष करू शकतो. किरकोळ खटला चालू असून खरं सांगितलं असेल तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. पण एकापेक्षा जास्त खटले असताना लपवलं तर ते स्वतंत्रपणे महागात पडतं.

खानापूर_रोड यांच्या रकान्याचंही उत्तर तिथेच आहे. अर्जातला प्रश्न नेमका हवा, मोघम नको. जे स्पष्ट विचारलंय तेवढंच सांगायला माणूस बांधील. 'दोषी ठरलात का' आणि 'गुन्हा दाखल आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही नीट वाचा.

करायचं काय: ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने शोधा, बरेच जण विसरलेले असतात. पोलिसांनी बी रिपोर्ट, म्हणजे तपास बंद केल्याचा अहवाल टाकला असेल तर तो कोर्टाने स्वीकारल्याचा आदेश घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. सुटका झाली किंवा सरकारने खटला मागे घेतला असेल तर आदेशाची प्रमाणित प्रत काढा. आदेश कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा. हे अर्जाच्या आधी करा, पडताळणी अडकल्यावर धावाधाव नको.

शहापूर_बाजार
भाषांतराचा खर्चही आम्हीच करायचा. ठीक आहे, प्रती काढायचं सांगतो पोरांना. पण हा अन्याय आहे हे मी म्हणणारच.

वडगाव_वकिली
म्हणा. आणि एक राहिलं, ते दारूचंच आहे. गोव्याहून चोर्ल्याने येताना गाडी अडवून मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ (दारू पिऊन गाडी चालवणं) लागलं, कोर्टात दंड भरून मोकळे झाले, की लोक समजतात विषय मिटला. गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे दोषसिद्धी झाली. 'कधी दोषी ठरलात का' याला तिथे 'नाही' लिहिता येत नाही. अमेरिकेचं लायसन्स असेल तर दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल झालेली कारवाई ६० दिवसांत एफएएला, म्हणजे तिथल्या विमान नियामकाला कळवावी लागते.

चंदगड_फाटा
पण खरं लिहिलं तर घेतंय कोण? ते कोणीच सांगत नाही.

सांबरा_रनवे
१९९० चं अमेरिकेतल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं प्रकरण बघा. फार्गो ते मिनियापोलिस, तिघेही पायलट प्यायलेले, तिघांना शिक्षा. कॅप्टनने तुरुंगवास भोगला, उपचार घेतले, लायसन्स शून्यापासून परत कमावलं आणि त्याच कंपनीत परतून ७४७ चा कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. त्याचं तर जगाला माहीत होतं. उलट २०११ साली गोव्यात दाबोळीला नाकाच्या चाकावर विमान उतरवल्याची चौकशी झाली, त्यात त्या पायलटची लायसन्ससाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट निघाली. तिथून बाकीच्यांच्या फायली उघडल्या आणि अटका झाल्या.

चंदगड_फाटा
तिकडे उपचाराची सोय १९७० च्या दशकापासून आहे, व्यसन कबूल करून परत उडण्याची पद्धत आहे. इथे कबूल केलं की दार बंद. ती सोय होईपर्यंत मी पोरांना दोष देणार नाही. 'नाही' लिहा असंही म्हणणार नाही, एवढं तुमचं मानलं.

खानापूर_रोड
मग लिहायचं कसं तेवढं तरी सांगा, पोरं वाचतायत.

सांबरा_रनवे
रकान्यात 'होय'. खाली तीन ओळी: टेस्टची तारीख आणि दोन्ही फुंकांचे आकडे, निलंबनाच्या आदेशाचा क्रमांक आणि कालावधी, त्यानंतरच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह. 'माउथवॉश होतं' वगैरे लिहू नका, मुलाखतीत विचारलं तरच बोला. आदेशाची प्रत आणि लायसन्स पुन्हा चालू झाल्याचं पत्र सोबत जोडा. दुसरी फुंक शून्य होती त्यांनी 'नाही' लिहावं, आणि तिची प्रिंट किंवा नोंदीची प्रत त्याच वेळी मागून घेऊन जपून ठेवावी.