लेबलवरचा बारीक चरा सीडीला एवढा का बाधतो? आणि जुन्या सीडींची नक्कल कशी काढावी?

मालकंस_७५

नव्वदच्या दशकातल्या नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या सीडी संगणकावर उतरवायच्या आहेत. काही गोष्टींचा उलगडा होत नाहीये. एका सीडीच्या चकचकीत बाजूवर भरपूर ओरखडे आहेत, तरी ती अखंड वाजते. दुसरीच्या लेबलवर नखाएवढाच चरा आहे आणि नेमकं तिथे गाणं अडकतं. असं उलटं का? शिवाय खराब सीडीवरच्या एकाच गाण्याची दोनदा नक्कल काढली तर दोन फायली जुळत नाहीत, आणि चूक मात्र कुठेच दाखवली जात नाही. अशा सीडी पॉलिश कराव्यात का? सीडी वाचताना होणाऱ्या चुका दुरुस्त करण्याचं तंत्र फिलिप्सचं की सोनीचं, तेही कुणी नीट सांगितलं तर बरं होईल.

वाचकशीर्ष

सीडीची जाडी १.२ मिमी. ती जवळजवळ सगळी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. माहितीचे खड्डे या प्लास्टिकच्या वरच्या अंगाला, म्हणजे लेबलच्या बाजूला असतात. त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनिअमचा मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ थर, त्यावर लाखेचा काही मायक्रॉनचा थर आणि त्यावर छपाई. लेबलवर चरा पडला की अ‍ॅल्युमिनिअमच खरवडलं जातं. मग लेसर परत फिरवायला आरसाच उरत नाही. तिथली माहिती कायमची गेली.

खालच्या बाजूचं गणित वेगळं आहे. ७८० नॅनोमीटरचा लेसर किरण प्लास्टिकमध्ये शिरतो तिथे त्याचा ठिपका सुमारे ०.७ मिमी रुंद असतो, आणि खड्ड्यांपाशी पोहोचेपर्यंत तो पावणेदोन मायक्रॉनपर्यंत आवळला जातो. त्यामुळे पृष्ठभागावरचा धुळीचा कण किंवा केसभर ओरखडा किरणाचा थोडासाच भाग अडवतो आणि स्वतः फोकसच्या बाहेर राहतो. ही कल्पना फिलिप्सच्या आइंडहोव्हनच्या प्रयोगशाळेत चित्रतबकडीवर, म्हणजे पुढच्या लेझरडिस्कवर, झालेल्या कामातून आली. तिचं प्रात्यक्षिक १९७२ साली झालं होतं.

एवढ्यावर भागत नाही, कारण मोठा ओरखडा ठिपक्यालाही झाकतो. तिथे सर्क नावाची दुरुस्ती कामाला येते. तिची रचना इतकी सुंदर आहे की थोडं सविस्तर लिहितो.

आवाजाचे २४ बाइट (म्हणजे डाव्या-उजव्या वाहिनीचे सहा-सहा नमुने, आवाजाच्या एकेका क्षणाची मोजमापं) एकत्र घेतात. अशा एका गटाला फ्रेम म्हणतात. त्यांना ४ तपासणी बाइट जोडले की २८ होतात. हा सी-२ संकेत. आता हे २८ बाइट एकाच जागी लिहीत नाहीत. पहिला लगेच, दुसरा ४ फ्रेम उशिरा, तिसरा ८ फ्रेम उशिरा, असं करत शेवटचा १०८ फ्रेम उशिरा. असे विखुरल्यावर प्रत्येक फ्रेमला आणखी ४ बाइट जोडून ३२ करतात. हा सी-१. वाचताना सगळं उलट्या क्रमाने चालतं: सी-१ एखाददुसऱ्या बाइटची किरकोळ चूक जागीच सुधारतो, आणि झेपलं नाही तर ‘ही अख्खी फ्रेम संशयास्पद’ अशी खूण करून पुढे पाठवतो. पुढे बाइट पुन्हा आपापल्या जागी गोळा होतात, त्यामुळे सलग बिघडलेल्या फ्रेमचा फटका एका सी-२ गटाला जेमतेम दोन-चार बाइटांपुरताच बसतो. कुठले बाइट चुकलेत हे खुणेमुळे आधीच कळलेलं असतं, म्हणून सी-२ गटातले चारही बाइट जसेच्या तसे परत मिळवू शकतो.

हिशोब करून पाहा. सेकंदाला ७,३५० फ्रेम आणि खड्ड्यांच्या गोल फिरत जाणाऱ्या रेघेचा वेग सेकंदाला १.२ मीटर, म्हणजे एक फ्रेम ०.१६ मिमी लांब. चार बाइट गुणिले चार फ्रेम म्हणजे सोळा फ्रेम, सुमारे अडीच मिमी. रेघेच्या दिशेने अडीच मिमीपर्यंत सगळं नाहीसं झालं तरी प्लेयर मूळ आवाज बिट-न्-बिट परत देतो. त्यापुढे तो शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने मधला नमुना भरतो, आणि तेही जमलं नाही तर क्षणभर आवाज बंद करतो.

यावरून एक व्यवहारी गोष्ट निघते. मध्यापासून कडेकडे गेलेला चरा रेघेच्या प्रत्येक फेऱ्याला फक्त आडवा छेदतो, त्यामुळे तो सहसा निरुपद्रवी. फेऱ्याच्या दिशेने गोल गेलेला चरा मात्र कित्येक मिमी सलग माहिती झाकतो, आणि वर लेसरला रेघेवर धरून ठेवणारा सर्व्होही भरकटवतो. गाणं ‘अडकतं’ ते बहुतेक वेळा सर्व्हो सुटल्यामुळे.

एकपट_वेग

श्रेयाबद्दल: १९७९-८० मध्ये दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी आइंडहोव्हन आणि टोकियो अशा आलटून-पालटून बैठका घेऊन सीडीचं तांत्रिक मानक ठरवलं. १९८० चं रेड बुक ते हेच. ढोबळ वाटणी अशी, की तबकडी आणि प्रकाशिकी फिलिप्सची, चूक-दुरुस्तीचा मोठा वाटा सोनीचा (तोशिताडा दोई यांचा गट). आठ बिटांचे चौदा करून खड्ड्यांची लांबी आटोक्यात ठेवणारं इएफएम फिलिप्सच्या केस स्हौहामर इमिंक यांचं. यातलं एक काढलं तरी सीडी उभी राहत नाही, म्हणून ‘कुणाची’ या प्रश्नाला दोन्ही नावं हेच उत्तर. एका नमुन्याला सोळा बिट हा आग्रह सोनीचा होता. फिलिप्सची तयारी चौदा बिटांची होती. सोनीचा पहिला प्लेयर जपानमध्ये १ ऑक्टोबर १९८२ ला विक्रीला आला.

आता तुमच्या न जुळणाऱ्या फायली. श्राव्य सीडीवर सर्कच्या वर दुसरं कवच नाही. डेटा सीडीच्या २,३५२ बाइटांच्या प्रत्येक सेक्टरमधले (तुकड्यामधले) फक्त २,०४८ उपयोगाचे, बाकीच्यात ओळख, तपासणी आणि २७६ बाइटांची जादा दुरुस्ती असते. तिथे चूक राहिली तर संगणक फाइल द्यायलाच नकार देतो. श्राव्य सीडीत मात्र ड्राइव्ह गुपचूप अंदाजाने नमुने भरून पुढे जातो, आणि दर वेळी वेगळे भरतो. म्हणून फायली जुळत नाहीत.

उपाय: एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या संगणकावरच्या नक्कल काढायच्या प्रोग्रॅममध्ये सिक्युअर मोड (पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहणारा) घ्या. ड्राइव्ह वाचलेलं साठवून ठेवतो का ते तपासून तशी खूण करा, नाहीतर दुसऱ्यांदा वाचल्यासारखं करून तो साठवलेलंच परत देईल. सी-२ चुकांची माहिती अनेक ड्राइव्ह खोटी देतात, म्हणून तो पर्याय बंद ठेवा. वेग चारपट किंवा आठपटीवर आणा. ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरून दोन्ही वेळची तपासणी-बेरीज (फाइलच्या सगळ्या बिटांवरून काढलेला आकडा) जुळते का पाहा. लिनक्सवर हेच काम सीडीपॅरानोइया करतं. इतरांच्या नकलांच्या बेरजा साठवणाऱ्या अ‍ॅक्युरेटरिपच्या यादीत मराठी सीडी क्वचितच सापडतात, त्यामुळे दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर काढलेल्या नकला ताडून पाहणं हाच भरवसा. फक्त आधी दोन्ही ड्राइव्हचं ऑफसेट (ड्राइव्ह किती नमुने आधी किंवा उशिरा वाचायला लागतो तो आकडा) नीट भरा, नाहीतर आवाज तोच असूनही बेरजा वेगळ्या येतील. साठवण फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गमावता आकार कमी करणाऱ्या प्रकारात) करा, एमपी-३ त्यातून केव्हाही निघतं.

ओली_बोटं

पॉलिश शेवटी. आधी धुवा. बऱ्याच सीडी एवढ्यावरच वाचतात.

कोमट पाणी, भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब, बोटाच्या पेरांनी हलकेच. स्वच्छ पाण्याखाली धुऊन धुवट सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ टिपा. गोल कधीच पुसू नका, कारण वर सांगितलेला घातक प्रकारचा ओरखडा त्यातूनच पडतो. तेलकट डागाला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, पॉलिकार्बोनेट पांढरं पडतं.

पॉलिश फक्त खालच्या बाजूला, आणि फेऱ्याच्या दिशेने गेलेल्या चऱ्यालाच. प्लास्टिकचं बारीक पॉलिश वाटाण्याएवढं घेऊन मध्यापासून कडेकडे घासा. सगळा चरा नाहीसा करायचा हट्ट नको. त्याच्या धारदार कडा बोथट झाल्या की किरण कमी विखुरतो आणि तेवढं पुरतं. जास्त घासलं तर धुरकट पट्टा पडतो आणि आधी बरा असलेला भागही जातो. म्हणून पॉलिशच्या आधी जेवढी गाणी निघतील तेवढी काढून ठेवा.

मालकंस_७५

धुऊन पाहतो. लेबलचा चरा किती मोठा आहे हे कसं ओळखायचं? शिवाय एका सीडीला मधल्या भोकापासून तडा गेलाय, तिचं काय करू?

वाचकशीर्ष

सीडी मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. अ‍ॅल्युमिनिअम गेलंय तिथून उजेड आरपार दिसेल. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं सर्क सहज पचवतो. फेऱ्याच्या दिशेने अडीच मिमीपेक्षा लांब उघडी जागा असेल, तर तिथलं मूळ परत येणार नाही. लेबलवर सेलोटेप लावू नका, काढताना थर सोबत येतो, आणि न काढल्यास तोल बिघडतो.

तडा गेलेली सीडी संगणकात घालू नका. ४८ पट वेगाला ती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते आणि फुटून ड्राइव्हही घेऊन जाते. गाणी वाजवणाऱ्या साध्या प्लेयरमध्ये वेग आत मिनिटाला ५०० आणि कडेला २०० फेरे एवढाच असतो. त्याच्या डिजिटल आउटमधून साउंडकार्डात ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिटांवर रेकॉर्ड करा. सर्व्हो सुटणाऱ्या हट्टी सीडींनाही हाच मार्ग, कारण जुने प्लेयर रेघ धरून ठेवण्यात कित्येक संगणकी ड्राइव्हपेक्षा सरस असतात.

एकपट_वेग

तुमच्या सीडींत घरी बर्न केलेल्या काही असतील तर आधी त्या घ्या. त्यांत खड्डे नसतात, सेंद्रिय रंगाचा थर असतो, आणि तो उन्हाने व उष्णतेने उतरतो. छापील सीडी पुढच्या महिन्यातही तशाच असतील, बर्न केलेल्यांचा भरवसा नाही.