मदत हवी आहे: चाळिशीचा नामवंत पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज) एका वर्षासाठी घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

बेसबॉल पाहणारे बरेच जण इथे आहेत म्हणून विचारतोय. लेक आठवीत आहे, सॉफ्टबॉल खेळते. शाळेच्या वादविवादात विषय आलाय: 'संघांनी वय झालेल्या स्टार पिचरना थोड्या मुदतीसाठी घ्यावं का?' तिच्या वाट्याला 'घ्यावं' ही बाजू आली आहे आणि गुरुवारी बोलायचंय. मुद्दे काढून द्यायला बसलो खरा, पण माझ्या तोंडून सगळं उलटंच निघतंय.

आम्ही बाल्टिमोरजवळ राहतो, म्हणून इथल्या ओरिओल्स संघाचे चाहते. २०२४ नंतर आमचा हुकमी एक्का, पिचर कॉर्बिन बर्न्स, ॲरिझोनाच्या संघात गेला, सहा वर्षांसाठी २१ कोटी डॉलरवर. त्याच्या तोलामोलाचं कुणी आणलं नाही. ४१ वर्षांच्या चार्ली मॉर्टनला एका वर्षाचे दीड कोटी डॉलर दिले, मार्चमध्ये ३७ वर्षांच्या काइल गिब्सनला घेतलं. गिब्सन चार सामन्यांत आटोपला, दर नऊ इनिंगमागे १६.७८ धावा देऊन.

२० एप्रिल २०२५, ईस्टरचा रविवार. मी आणि लेक ओरिओल्सच्या मैदानावर, कॅम्डेन यार्ड्सवर होतो. सिनसिनाटीविरुद्ध मॉर्टनला तिसरी इनिंगसुद्धा पुरी करता आली नाही. चेंडू झोनमध्ये (फलंदाजासमोरच्या ठरलेल्या पट्ट्यात) पडेना, फलंदाज शांतपणे फुकटचा बेस घेऊन चालू लागायचे. लेक पेन्सिलने स्कोअरकार्ड भरत होती. चौकटी पुरेनात म्हणून आधी समासात लिहू लागली, मग पेन्सिल दप्तरात टाकून दिली. शेवटी तर पिचर नसलेल्या खेळाडूंच्या हाती चेंडू द्यावा लागला. २४-२ ने हरलो. गाडीत ती एक शब्द बोलली नाही.

पैसे गेल्याचं मला दुःख नाही, ते मालकांचे. मला राग आहे तो वाया गेलेल्या एप्रिलचा. नाव मोठं, पैसे मोजलेले, त्यामुळे अशा माणसाला पटकन बाजूला करता येत नाही. पुढच्या वेळी लय सापडेल म्हणत पुन्हा चेंडू त्याच्याच हाती. मॉर्टनला मे अखेरीपासून लय सापडलीही, जुलै अखेरीस डेट्रॉइटला दिला तेव्हा त्याच्या नावावर आमच्याकडून ७ विजय होते. पण १५ विजय, २८ पराभव अशी गत होऊन मे महिन्यातच मॅनेजर ब्रँडन हाइड यांना काढलं होतं. हंगाम ७५-८७ वर संपला.

आता माझ्याच विरुद्ध जाणारी गोष्ट: तिकडे बर्न्सच्या कोपरावर जूनमध्येच टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेला स्नायुबंध बदलण्याची, पिचरला वर्षभर तरी बाहेर ठेवणारी) झाली. ऐन तिशीतला माणूस, आणि करार सहा वर्षांचा. लेक याच मुद्द्याला धरून बसली आहे, आणि मला उत्तर देता येत नाहीये.

तर जाणकारांनो, 'घ्यावं' या बाजूची पक्की उदाहरणं द्या. आणि नुसत्या नावाला भुलून घेतलंय की विचार करून, हे आधी ओळखायचं कसं?

– कॅम्डेनकर

प्रतिसाद:

दादा, मी टोरांटोची. लेकीला मॅक्स शर्झर द्या. २०२५ साठी आमच्या संघाने या पिचरला १ कोटी ५५ लाख डॉलर मोजले. अंगठा दुखावला, जेमतेम ८५ इनिंग, ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं बरं) ५.१९. हंगामानंतरच्या बाद फेरीत यांकीजविरुद्धच्या मालिकेत तर संघातही नव्हता. पण पुढच्या फेरीत सिॲटलमध्ये आम्ही मालिकेत १-२ ने मागे असताना चौथ्या सामन्यात उतरला. पाचव्या इनिंगला मॅनेजर श्नायडर त्याला काढायला निघाले, तर एक्केचाळिशीच्या त्या माणसाने ओरडून त्यांना परत पाठवलं! मी सोफ्यावर उभी राहिले होते. पाच पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग, दोन धावा, सामना आमचा. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा सामनाही त्यानेच सुरू केला, आघाडी असताना चेंडू पुढच्या पिचरकडे दिला. पुढे अकराव्या इनिंगला हरलो, त्यात त्याचा दोष नव्हता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आमच्याकडे गॉसमन, बॅसिट, बेरिओस हे पिचर आधीच होते, शर्झर त्यांच्यावर जास्तीचा. डॉजर्स संघाचा जुना पिचर कर्शॉही तसाच: २०२५ मध्ये ७५ लाख डॉलरचा मूळ करार, ११ विजय, २ पराभव, ईआरए ३.३६. लोणच्याने ताटाला चव येते, पण तुम्ही भाकरी काढून घेतली आणि लोणचंच वाढलंत. मॉर्टनवर राग धरू नका, त्याला बर्न्सच्या जागी उभं केलं त्यांना विचारा.

– लेकसाइड

ताई, मनापासून आभार. लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणते की समोरची मुलगी ५.१९ हा आकडा पहिल्याच मिनिटाला काढणार. ८५ इनिंगच्या त्या ५.१९ ला काय म्हणायचं, एवढं बुधवारपर्यंत कुणी सांगेल का?

– कॅम्डेनकर