स्ट्रोकनंतरचा आहार: निर्धार कमी पडतो की ऐपत?

जलरेषा
'निश्चयी' यांचा परवाचा लेख वाचला. गोषवारा असा की स्ट्रोकनंतर बुद्धी शाबूत ठेवायची तर फळं, भाज्या, मासे, सुकामेवा खा, मीठ-साखर तोडा. शेवटचं वाक्य: "ज्याला बरं व्हायचंय तो वेळ आणि पैसा काढतोच, बाकी सगळी निमित्तं." हे वाक्य डोक्यात गेलं, म्हणून वेगळा धागा.

खाण्याबद्दलचा सल्ला ठीकच आहे. पण तो पाळणार कोण? ज्याला गिळता येतं, बाजारात जाता येतं, ओट्यापाशी उभं राहता येतं आणि ज्याचा पगार आजारपणातही चालू राहतो, तो. स्ट्रोकच्या सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. वाचा गेलेल्याला भूक लागलीय हे सांगता येत नाही. काहींना ताटाच्या डाव्या बाजूचं भानच राहत नाही. अर्धं जेवण तसंच उरतं आणि घरचे म्हणतात, भूक मेली. साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. यात निर्धार कुठे बसवायचा?

माझे वडील रोजंदारीवर होते. ते पडले आणि त्यांना सांभाळायला आईनंही काम सोडलं. दोन्ही मिळकती एकदम थांबल्या. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं, 'समतोल, प्रथिनयुक्त आहार'. आमच्या घरात मात्र पोट भरेल तेवढंच शिजत होतं. वडिलांच्या मांड्या वाळत गेल्या, व्यायाम झेपेना, ते दिवसभर पडून राहायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, मेंदूवर परिणाम झालाय. त्यांना पुरेसं खायला मिळत नव्हतं, हे कुणी विचारलंच नाही.

निश्चयी
तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण एका घरावरून नियम काढू नका. ३२ देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात स्ट्रोकच्या धोक्यात दहा टाळता येण्याजोग्या घटकांचा वाटा सुमारे ९० टक्के निघाला. रक्तदाब, धूम्रपान, आहार, हालचाल, दारू. हे माणसाच्या हातात नाही तर कुणाच्या? माझ्या ओळखीचे एक गृहस्थ, पैशाला तोटा नाही, घरी स्वयंपाकी. पहिल्या झटक्यानंतरही खाणं बदललं नाही, दुसऱ्यात वाचा गेली. तिथे कुठली विषमता होती?

पानगळ
जलरेषा, +१.
निश्चयी, 'टाळता येण्याजोगा' म्हणजे ज्याचा त्याने टाळावा असं त्या अभ्यासानं कुठे म्हटलंय? रक्तदाब कळायला तो कुणीतरी मोजावा लागतो. जगात स्ट्रोकनं होणारे बहुतांश मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. तिथली माणसं जन्मतःच आळशी आहेत का?

कडूगोळी
दोन्ही बाजूंना असहमत. आहारावर एवढा काथ्याकूट आणि रक्तदाबाच्या गोळीबद्दल अवाक्षर नाही! माझ्या बहिणीनं 'आता खाण्यावर कंट्रोल आहे' म्हणून गोळ्या सोडल्या आणि पुन्हा अ‍ॅडमिट झाली. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाची स्मृती आणि आकलन लक्षणीय ढासळतं. रक्तदाब मोकाट राहिला तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या आतल्या आत खराब होत राहतात. आधी गोळी, मग भाजी.

आणि व्हिटॅमिनवाल्यांनी येऊ नये. व्हिटॉप्स चाचणीत आठ हजारांवर रुग्णांना बी गटातली जीवनसत्त्वं देऊन पाहिली, २०१० साली निकाल आला, ठोस फायदा दिसला नाही.

मितभाषी
त्या चाचणीचं नाव व्हायटाटॉप्स.
मी रुग्णालयात आहार विभागात काम करते. 'फूड' नावाची २००५ची चाचणी सांगते, स्ट्रोकच्या सगळ्याच रुग्णांना सरसकट पूरक पेय देऊन फरक पडत नाही. पण त्यातले बहुतेक रुग्ण धडधाकट पोसलेले होते. जे आधीपासून कुपोषित असतात त्यांचे हाल जास्त होतात, हेही त्याच चाचणीतून पुढे आलं. म्हणून आल्या आल्या वजन आणि गिळणं तपासायला हवं. बी-१२ची कमतरता असेल तर ती भरून काढायचीच. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ती दिसते. कडूगोळी, 'सगळ्यांना उपयोग नाही' म्हणजे 'कुणालाच नाही' असा अर्थ काढू नका.

कडूगोळी
ठीक, कमतरता असेल तर द्या. एवढंच मान्य.

निशाचर७
अवांतर, पण मिठाबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही. २०२१चा चीनमधला अभ्यास बघा. ६०० खेडी, जवळपास २१ हजार माणसं, त्यातल्या बहुतेकांना आधी स्ट्रोक होऊन गेलेला. निम्म्या खेड्यांत नेहमीचं मीठ काढून असं मीठ दिलं ज्यात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराईड, म्हणजे सोडियम नसलेला क्षार. स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी झाले, मृत्यूही घटले.

निश्चयी
मीही मीठ तोडा असंच लिहिलंय!

जलरेषा
तुम्ही 'तोडा' लिहिलंय. तिथे मीठ तोडायला सांगितलं नाही, बदललेलं मीठ फुकट दिलं, फार तर जरा हात आखडून वापरा म्हटलं. वेगळं मीठ विकत आणावं लागलं नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

कडूगोळी
थांबा! किडनीच्या रुग्णांना हे मीठ जिवावर बेतू शकतं. रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदयाची लय बिघडते. त्या अभ्यासात गंभीर किडनीविकार असलेले आणि पोटॅशियम वाढवणारी औषधं घेणारे घेतलेच नव्हते. इथे वाचून उद्या कुणीतरी डबा बदलेल.

निशाचर७
मान्य, डॉक्टरांना विचारूनच. पण या भीतीपोटी ज्यांना चालतं त्यांनाही सांगायचं नाही का?

निश्चयी
आणि फुकट वाटायचं तर पैसा कुणाचा? कर भरणाऱ्यांचा. दिवसभर राबून स्वतःची काळजी घेणाऱ्यानं दुसऱ्याच्या जिभेचं बिल का भरायचं?

पानगळ
बिल तुम्ही आत्ताही भरताय. आयसीयूचं, अंथरुणाला खिळलेल्यांचं, काम सुटलेल्या घरांचं. आणि 'जिभेचं' म्हणू नका. तयार, पाकीटबंद खाण्यातलं मीठ खाणारा टाकत नाही, कारखाना टाकतो. दोन पाळ्या करून घरी येणारी बाई तेच विकत घेते, कारण शिजवायला तिच्याकडे तास उरलेला नसतो. लाज वाटली पाहिजे असं लिहिताना.

निश्चयी
भाषा सांभाळा. माझ्या आईला मी स्वतः भरवलं आहे. रात्री उठून केलंय सगळं. मला लाज शिकवू नका.

मितभाषी
तुम्ही भरवू शकलात. कामावरून सुटी मिळाली असेल, घरात आणखी कुणी असेल. ज्यांना नाही मिळत, त्यांच्या रुग्णाला घाईत आडवं ठेवूनच भरवलं जातं, घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. मी हे वारंवार बघते आणि दर वेळी तेवढाच संताप येतो.

निश्चयी
सुटी मिळाली होती, हे खरं. गिळण्याचा आणि मिठाचा मुद्दा लेखात जोडतो. निर्धार लागतो हे मत मात्र बदलणार नाही.

ओंजळ
मध्येच विचारते. गिळताना त्रास होतो म्हणून बाबांना पाणी घट्ट करून द्यायला सांगितलंय, ते पीतच नाहीत. दुपारनंतर गोंधळल्यासारखं बोलतात. हे स्ट्रोकचंच का?

मितभाषी
गोंधळ नवा असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. अंगातलं पाणी कमी झाल्यानं असं होतं, लघवीच्या संसर्गानं किंवा नव्या झटक्यानंही होऊ शकतं. बोलणं एकदम अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली तर थेट इमर्जन्सीत न्या. घट्ट पाणी लोक कमी पितात, हे नेहमीचंच आहे. गिळण्याची तपासणी पुन्हा करून मागा, सुधारणा झाली असेल तर घट्टपणा कमी करता येतो. तोवर मनानं साधं पाणी देऊ नका. भरवताना ताठ बसवा, आणि तपासणीची तारीख लांबची दिली तर तिथेच हटून बसा.