उपास, गुडघे आणि शुगर: तुमचं कसं चाललंय?

सगळ्यांना जय ख्रिस्त. मी सोलापुरात रेल्वे लाइन्सकडे राहते, शाळेत शिकवते, वय ५२, शुगर नऊ वर्षांपासून. आपल्या मंडळीत प्रार्थनेबद्दल साक्षी पुष्कळ होतात, पण दुखण्याबद्दल सगळे गप्प. म्हणून हा धागा. सुरुवात माझ्यापासून करते.

मागच्या उपासकाळातला, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतला शुक्रवार. मार्च संपत आला होता, सोलापूरचं ऊन काय ते तुम्हाला सांगायला नको. सकाळी सवयीनं शुगरची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि उपास म्हणून खाल्लं मात्र काहीच नाही. साडेअकराला चर्चमध्ये तिसरं गीत चालू असताना हातातलं पुस्तक थरथरायला लागलं. घाम फुटला, तोही थंडगार. ओळी एकमेकींवर चढल्या. आणि हसू नका, मला वाटलं आत्म्याचा स्पर्श होतोय! डोळे मिटून हालेलुया म्हणायच्याच बेतात होते. शेजारच्या मावशींच्या यजमानांना शुगर आहे, त्यांनी हात धरला आणि ओळखलं. चहाच्या टेबलावरची साखर आणली, तीन चमचे पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी कुणाच्या तरी पर्समधल्या मशीनवर बोट टोचलं तर ५८. सत्तरच्या खाली गेली की धोका असतो, आणि हे साखर पिऊन झाल्यावरचं! परत तीन चमचे.

डॉक्टर म्हणाले, "बाई, उपास तुमच्या देवाचा, गोळी माझी. दोघांची गाठ घालायची तर आधी मला विचारा." गोळी पोटातल्या अन्नाची वाट बघत नाही, ती साखर खाली ओढतच राहते, हे नऊ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर मीच विचारलं नव्हतं. आता शुक्रवारी अन्न सोडत नाही, संध्याकाळची मालिका सोडते. ते जास्त अवघड जातंय.

तुमचं सांगा.

निवृत्त गिरणी कामगार, वय ७१
बाई, शुगर नाही मला, पण गुडघे गेलेत. चाळीस वर्षं गुडघे टेकून प्रार्थना केली. आता टेकले तर उठवायला दोन माणसं लागतात. खुर्चीवर बसून प्रार्थना करायची लाज वाटायची, लोकं म्हणतील म्हातारा ढिला पडला. मग पाळकसाहेबच एकदा शेजारी खुर्ची ओढून बसले. बोलले काहीच नाहीत, पण माझी लाज तिथं संपली. रोज पहाटे साडेपाचला कंबर तलावाच्या काठानं चालतो. एका फेरीला एक घर प्रार्थनेत धरतो. डोळे उघडे ठेवून बरं का, नाहीतर कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडतो. पडलाय एकदा.

विडी कामगाराची मुलगी
मी जरा रागात लिहिणार आहे. आमच्या घरी तेलुगू, चर्चमध्ये तेलुगू-मराठी दोन्ही. आईनं आयुष्यभर विड्या वळल्या. दोन वर्षांपूर्वी टीबी निघाला. सरकारी दवाखान्यात औषध फुकट, सहा महिन्यांचा कोर्स. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं, आणि एका घरप्रार्थनेत कुणीतरी सांगितलं की बरी झालीस, आता गोळ्या खाणं म्हणजे अविश्वास. आईनं सोडल्या. मला कळलं तेव्हा खोकला परत आला होता आणि थुंकी पुन्हा तपासायला लागली. खोकला थांबला म्हणजे जंतू मेले असं नसतं. अर्धवट सोडलं की ते औषधालाच दाद देईनासे होतात. आमचं नशीब, तसं झालं नव्हतं. पण कोर्स पहिल्यापासून.

तो माणूस वाईट नव्हता. त्यानंच नंतर आईला रिक्षातून दवाखान्यात नेलं. तरी राग जात नाही. मग आई गोळ्यांचं पाकीट बायबलवर ठेवायची आणि रोज गोळी हातात घेऊन आधी उपकारस्तुती करायची. कोर्स पुरा झाला तरी रिकामं पाकीट अजून तिथंच आहे.

तरुण संघ, विजापूर रोड
उलट बाजू मांडतो. शरीर देवाचं मंदिर हे वचन मी जिमच्या आरशावर चिकटवलं होतं. आठ महिन्यांत दंड झाले, बायबल मात्र उघडलं नाही. रविवारी सामने, म्हणजे उपासनाही गेली. मंदिर बांधलं आणि कुलूप लावलं, असं आजी म्हणाली. दुसरीकडे काही काका बायबलमधलं पौलाचं वचन दाखवतात, शारीरिक कसरतीचा उपयोग थोडाच. अहो, थोडा म्हणजे शून्य नाही ना! सध्या जिम आठवड्यातून चार दिवस. उपासकाळात मटण बंद, तेव्हा मटकी, शेंगा, अंडी. अंडी चालतात का यावर आमच्या संघात दोन पक्ष आहेत, ते इथं नको.

एक गृहिणी
नाताळात एका रात्री कॅरलची गाणी म्हणत वीस-पंचवीस घरं. प्रत्येक घरी करंजी, शंकरपाळी आणि "घ्या हो, एकानं काय होतंय." एवढंच सांगायचं होतं.

पाळकांची पत्नी
नाव देत नाही, ओळखाल. साहेबांचा बीपी दीडशेच्या वर, आणि रात्री अकराला फोन येतो की मुलाला ताप आहे, प्रार्थनेला या. जातात. बायबलमधल्या एलिया संदेष्ट्यावर उपदेश त्यांनी अनेकदा केलाय. तो झुडपाखाली पडून मरण मागतो, तर देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, आणि परत उठवून परत खायला देतो. एका रविवारी घरी आल्यावर मी म्हटलं, भाकर मी देते, झोप कोण देणार? तेव्हापासून सोमवार सुट्टी, फोन माझ्या कपाटात. दोन घरं नाराज आहेत. मी मीठही कमी केलंय, त्यावर मात्र साहेब स्वतः नाराज आहेत. शेंगाचटणी लपवून खातात.

शिलाईकाम, अक्कलकोट रोड
सतत थकवा. प्रार्थनेत झोप. महिला मंडळात म्हणाले, मन लागत नाही तुझं. मलाही तसंच वाटून रात्री रडायचे. रक्त तपासलं तर थायरॉइड. गोळी पहाटे उपाशीपोटी, मग अर्धा तास चहासुद्धा नाही. तो अर्धा तास करायचं काय? बायबलमधली स्तोत्रसंहिता काढली. दीडशे स्तोत्रं दुसऱ्यांदा चालू आहेत.

धागा सुरू करणारी
वाचतेय सगळं. विडीवाल्या ताईंच्या आईला माझा सलाम सांगा. येत्या शुक्रवारी उपास-प्रार्थना आहे. मागच्या बाकावर, पंख्याखाली, ग्लुकोमीटर आणि साखरेचा डबा घेऊन मी बसणार आहे. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारून यावं, आणि माझ्या शेजारी बसावं. काका, तुमची खुर्ची पण तिथंच लावते.