गॅलरीचं तोंडच चुकलंय

'निधी आलाय तर काम होऊ दे, खुसपटं काढू नका,' असं काही जण रत्नागिरीतल्या कबड्डी मैदानाच्या नव्या प्रेक्षक गॅलरीबद्दल म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. कोट्यवधी रुपये आपल्याच खिशातले आहेत.

नवी गॅलरी मैदानाच्या पूर्वेला बांधून तोंड पश्चिमेला केलंय. आपल्याकडे सामने संध्याकाळी होतात, म्हणजे ऐन रंगात आलेल्या चढाईला सूर्य थेट डोळ्यांत. कबड्डीचं मैदान (पुरुषांचं) जेमतेम १३ बाय १० मीटरचं, तरी रेलिंग नजरेला आडवं येतं, त्यामुळे पुढच्या रांगेला बोनस रेषाच (जी ओलांडून चढाई करणाऱ्याला जादा गुण मिळू शकतो) दिसत नाही. (अर्धी आरडाओरड तर त्या रेषेवरूनच असते!) रत्नागिरीत वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस, तोही नैऋत्येकडून तिरका झोडपणारा. छताचा पत्रा मात्र खालच्या पायऱ्यांपर्यंत पोचतच नाही.

रेलिंगला साधं लोखंड वापरून वर रंग फासलाय. खाऱ्या वाऱ्यात एकाच पावसाळ्यात वेल्डिंगच्या सांध्यांतून गंज ओघळलाय. हात टेकला की तळवा लाल. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेले पाइप का नाही लावले? इथे होडीवाल्या पोरालाही हे कळतं.

दुसऱ्या टप्प्याचा नकाशा आधी खेळाडूंना दाखवा. छत पुढे वाढवा, आणि मैदानाभोवतीची गटारं मे संपायच्या आत खणा.